आईच्या ओव्यांची कॅसेट वाचवायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई जाऊन येत्या आषाढात वर्ष होईल. ती जात्यावर बसली की आळीतल्या चार बाया गोळा व्हायच्या, असा गळा! मधेच ओवी थांबवून आजोबांनाही खडसावायची.

1994 साली मामानं तिच्या ओव्या 60 मिनिटांच्या कॅसेटवर भरल्या. परवा ती ट्रंकेत सापडली, पण फितीवर पांढरी बुरशी आहे, एका जागी फीत दुमडलीय. टेपमध्ये घालायचा धीर होत नाही. पुण्यात फीत साफ करून आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देणारं खात्रीचं कुणी आहे का?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या लाखभर ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या वेबसाइटवर आहेत. आईच्याही तिथे देता येतील का? वर्षश्राद्धाला नातवंडांना तिचा आवाज ऐकवायचाय.