यादीतलं काय काय झालं?

माळा आवरताना जुनी वही सापडली. मागच्या पानावर विसाव्या वर्षी केलेली यादी: 'आयुष्यात करायच्या गोष्टी'. एकूण अकरा. पैकी दोन झाल्या, आणि त्यातल्या एकीचा आता पस्तावा होतो (कोणती ते सांगत नाही, घरचेही वाचतात). एका ओळीत नुसतं 'सतार' लिहिलंय. ऐकायची होती, शिकायची होती की विकत घ्यायची होती, देव जाणे.

तुमच्या याद्यांचं काय झालं? झालेलं, राहिलेलं, होऊन फसलेलं, सगळं चालेल. 'जिद्द असेल तर सगळं शक्य आहे' छापाचं तेवढं नको.

*

मला वैमानिक व्हायचं होतं. गणित आणि भौतिकशास्त्रात उत्तम गुण, उंची पुरेशी, चष्मा नाही. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांच्या गोलांचं पुस्तक पुढ्यात धरलं. एका गोलात मी २१ वाचलं. त्यांनी पान उलटून पुन्हा दाखवलं. पुन्हा २१. तिथे ७४ असतात. लाल-हिरव्याचा घोळ असणाऱ्याला २१ दिसावेत असंच ते पान मुद्दाम बनवलेलं असतं. तोवर मला पत्ताच नव्हता, कारण पान हिरवं आणि रक्त लाल हे तोंडपाठ होतं.

पण सांगायचंय ते पुढचं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे मुलाला तो आईकडून मिळतो. कॉलेजात हे वाचलं आणि मोठ्या शहाणपणाने घरी येऊन सांगितलं. आई काही बोलली नाही. पण त्यानंतर डोक्यावरून विमान गेलं की ती वर बघायची नाही. बारा-तेरा वर्षांनी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझ्यामुळे राहिलं तुझं." माझं दुःख तोवर केव्हाच विरलं होतं, मी हिशेबाच्या कामात चांगला रमलो होतो. तिचं मात्र तसंच्या तसं होतं. आणि ते मीच तिच्या हातात दिलं होतं.

*

वरचे २१ मलाही दिसतात! मला चित्रकार व्हायचं होतं. झालो. कोळशाने आणि काळ्या शाईने काढतो. बघणारे म्हणतात, रंगांच्या बाबतीत काय संयम आहे! मी मान डोलावतो.

*

डॉक्टर होण्याचं स्वप्न बाबांचं, अभ्यास माझा. दोनदा प्रवेश हुकला. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की आई दोनदा येऊन बघून गेली. याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

*

कादंबरी. पदरमोड करून ३०० प्रती छापल्या. चाळीसेक वाटल्या, अकरा विकल्या गेल्या, उरलेल्या दिवाणाखाली आहेत. अर्पणपत्रिकेतच शुद्धलेखनाची चूक आहे, बायकोच्या नावात. तिने तेवढंच पान वाचलं.

*

माझा तानपुरा एकवीस वर्षं गवसणीत होता. नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि खरं सांगायचं तर आळसही. बावन्नाव्या वर्षी बाहेर काढला, पूर्वीसारखा काळी चारच्या पट्टीत लावला आणि गायला बसले, तर मध्यमापुढे, म्हणजे 'म'च्या वर, गळा चढेचना. पाळी गेल्यावर अनेक बायकांचा आवाज खाली उतरतो, हे मला ठाऊकच नव्हतं. वाटलं, रियाज सोडल्याची शिक्षा. महिनाभर रुसून बसले. मग तारा बदलून काळी दोनवर, खालच्या पट्टीत, आले. तरुणपणी खर्जात, अगदी खालच्या सुरांत, माझा आवाज नुसती हवा व्हायचा, गुरुजी वैतागायचे. आता तोच खर्ज भरीव लागतो. तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', मात्र गेला तो गेलाच, त्याची हळहळ वाटते. मैफल वगैरे नाही. सकाळी अर्धा तास, दार लावून.

*

१९८६. मी नऊ वर्षांची. हॅलेचा धूमकेतू बघायचा, हे एकच खूळ वर्षभर डोक्यात. पुस्तकातल्या चित्रात त्याची शेपटी अर्धं आभाळ व्यापून होती. बाबांनी कुणाकडून तरी दुर्बीण आणली, पहाटे उठवलं. दिसला एक पुसट डाग, ओल्या बोटाने पाटी पुसल्यावर राहतो तसा. मी भोकाड पसरलं. त्या फेरीत तो सूर्याजवळ आला तेव्हा पृथ्वी सूर्याच्या नेमकी पलीकडच्या बाजूला होती, म्हणून सगळाच विरस, हे पुढे कळलं. बाबा म्हणाले, "२०६१ ला येतोय परत, तेव्हा नीट बघ." बोटांवर मोजलं, चौऱ्याऐंशी. बाबांचं वय मोजलं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये तो नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे, सर्वांत लांबच्या टोकाला पोचला आणि परत वळला. मी त्या रात्री मुलीला हलवून उठवलं, "अगं, निघाला बघ तो!"

"अजून सदतीस वर्षं आहेत ना, आई? झोप."