मदत हवी आहे: आयबीएससाठी संमोहन, घरचा सराव आणि नदीची प्रतिमा

मंडळी, आयबीएसच्या (पोटदुखी आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठता असा आतड्यांचा दीर्घकाळचा त्रास) रुग्णांना पोटावर केंद्रित संमोहन देणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. व्हॉरवेल यांचा आयबीएसवरच्या संमोहनाचा १९८४चा अभ्यास आणि १२ महिने औषधांनी फरक पडला नाही तर संमोहनाचा विचार करावा ही ब्रिटनच्या नाइस या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची शिफारस, दोन्ही वाचलेलं आहे. रक्तस्राव, वजन घटणं ही धोक्याची लक्षणं आधी तपासून घेतो. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार) असेल तर यात घेतच नाही.

अडचण घरच्या सरावाची आहे. ७ सत्रं, दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं, मधल्या दिवसांत रेकॉर्डिंग ऐकायचं. सत्रात तळहात पोटावर ठेवून ऊब आत पसरतेय ही सूचना छान लागू पडते. घरी मात्र काहीजण आडवे पडून ऐकतात आणि ऊब यायच्या आतच झोपी जातात. खुर्चीत बसवावं, की रेकॉर्डिंगच छोटं करावं?

दुसरं म्हणजे नदी. संमोहनात आतडं नदीसारखं वाहतंय अशी कल्पना करायला सांगतो. जुलाब असतील तर संथ प्रवाह, बद्धकोष्ठता असेल तर मोकळा, वेगवान. पण दोन्ही आलटून पालटून होत असेल तर? ‘प्रवाह हवा तेवढाच’ ही सूचना फार गुळमुळीत वाटते. तुम्ही प्रत्यक्ष वापरता ती वाक्यं जशीच्या तशी लिहून द्याल का?