बाथरूमची नाहणी तुंबली, पाणी जाऊनच नाही राहिलं

नंदनवनची ताई
दोन बादल्या अंगावर घेतल्या की बाथरूममध्ये घोट्याइतकं पाणी साचते आणि उतरता उतरत नाही. घरात आम्ही तिघी, तिघींचे केस लांब. नळाचं पाणी पुरत नाही, म्हणून आंघोळीला बोअरचंच वापरतो. हार्डवेअरवाला ॲसिडची बाटली घेऊन जा म्हणते. टाकू का? घरात लहान मुलगी आहे, भीती वाटून राहिली.

महालकर
खायचा सोडा आणि लिंबू टाकून गरम पाणी ओता.

नळकाम, मानेवाडा
सोडा-लिंबाचा फेस दिसते छान, पण केसांचा गुंता त्यानं निघत नाही. आणि ताई, ॲसिड तर नकाच टाकू. ते टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खाते, मग तिथूनच पाणी मुरून भिंतीला ओल येते. आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल आणि त्यावर ॲसिड पडलं, तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. मुलगी असलेल्या घरात ती बाटलीच नको.

बोअरचं पाणी जड असते. त्यातल्या कॅल्शियममुळे साबणाचा पांढरा, चिकट थर तयार होतो आणि केसांवर बसतो. तुमच्याकडे हेच झालं असणार.

रबरी हातमोजे घाला. जाळी स्क्रू-ड्रायव्हरनं उचला. खाली कॉकरोच जाळीची वाटी असेल तर तीही काढा. आत नाहणी ट्रॅप दिसेल, त्यात पाणी भरलेलं राहते. गुंता बहुतेक पाणी पुढे जाते त्या तोंडाशीच अडकलेला असतो, काळा, बुळबुळीत, हाताला दोरीसारखा लागतो. जाड तारेचं टोक वाकवून आकडा करा आणि हळूहळू बाहेर ओढा. पुढे ढकलू नका, तो आडव्या पाइपात गेला तर काम वाढते. मग भांड्याचं लिक्विड टाकून गरम पाणी ओता. उकळतं नको, पीव्हीसी पाइप नरम पडतो.

तरी उतरलं नाही तर रबरी पंप मारा. बेसिनचं पाणी त्याच ट्रॅपमध्ये येत असेल तर बेसिनच्या भोकात ओलं फडकं दाबून धरायला कोणाला तरी सांगा, नाहीतर हवा तिकडून निघून जाते. घरामागचं चेंबरही उघडून पाहा. तेच भरलं असेल तर बाथरूममध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

नंदनवनची ताई
दादा, निघाला! मूठभर गुंता होता, वरून पांढरा थर. चेंबर रिकामंच होतं. आता बादली ओतली की लगेच पाणी जाऊन राहिलं. पण वाटी परत बसवायची का? तिच्यामुळेच पाणी हळू जाते असं वाटते.

नळकाम, मानेवाडा
धुऊन नक्की बसवा. वाटी नसली तर झुरळं वर येतात. जाळीवर अडकलेले केस मात्र रोज आंघोळीनंतर उचलून कचऱ्यात टाका. आणि मे महिन्यात घर बंद करून गावी जाल तर परत आल्यावर आधी बादलीभर पाणी ओता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी आटते आणि गटाराचा वास घरात शिरतो.