अणुभट्टी म्हणजे दबा धरून बसलेला बॉम्ब का? मत मांडा

जुळे सोलापूरकर:
रत्नागिरीतल्या जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "भट्टी फुटली तर हिरोशिमा होईल." होणार नाही! विखंडन, म्हणजे न्यूट्रॉन या कणाच्या धक्क्याने अणू फुटणं, दोन्हीकडे तेच, पण बॉम्बच्या युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-२३५ सुमारे ९० टक्के लागतं. निसर्गात ते ०.७ टक्के असतं आणि आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या तेवढ्यावरच चालतात. एका अणूतून सुटलेले न्यूट्रॉन पुढचे अणू फोडतात, ही साखळी बॉम्बमध्ये सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास आटोपते. भट्टीत मात्र पाऊण टक्क्याहून कमी न्यूट्रॉन जरा उशिरा, काही सेकंदांनी सुटतात. तेवढ्यामुळेच न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्यांना सवड मिळते. आपल्या फताटेवाडीचा १३२० मेगावॉटचा कोळशाचा वीज प्रकल्प चालतो, त्याची राख चालते, मग अणुवीज का नको?

अक्कलकोट रोड:
बॉम्बसारखी फुटणार नाही, मान्य. माझा आक्षेप तो नाहीच. त्याच भट्टीत युरेनियमचा दुसरा प्रकार, युरेनियम-२३८, न्यूट्रॉन गिळतो आणि त्याचं प्लुटोनियम होतं, तेही बॉम्बला चालतं. ट्रॉम्ब्याची सायरस भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती. १९७४ च्या पोखरण स्फोटाचं प्लुटोनियम तिथलंच. आणि जड पाण्याच्या भट्टीतून तर ती चालू असतानाच इंधन काढता येतं.

जुळे सोलापूरकर:
काढता येतं म्हणजे काढतातच असं नाही. वीज बनवताना इंधन बराच काळ आत राहतं, त्यात प्लुटोनियम-२४० हा बॉम्बला नको असलेला प्रकार वाढतो आणि शस्त्र करणं अवघड होतं. शिवाय तपासणी असते.

अक्कलकोट रोड:
सगळीकडे कुठे असते? भारत-अमेरिका अणुकरारासाठीच्या २००६ च्या आराखड्यात २२ पैकी १४ भट्ट्याच आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायचं ठरलं. उरलेल्या ८ का नाहीत, हे आपण विचारलंच पाहिजे.

होटगी रोडची ताई:
दादा, बॉम्ब घडीभर बाजूला ठेवा. २०११ ला फुकुशिमात भूकंप होताच साखळी थांबली होती, कांड्यांनी काम चोख केलं. तरी तीन भट्ट्यांचा गाभा वितळला. विखंडनातून उरलेले तुकडे किरणोत्सर्गी असतात, ते तापतच राहतात. भट्टी बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता उरलेली असते. ती काढायला पाणी हवं, पंप हवेत, आणि त्सुनामीने जनरेटरच बुडवले. उद्या कुणी उजनीकाठी भट्टी आणतो म्हणाला तर? उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात जातं, शहराला दिवसांआड पाणी येतं. कोळशाचा प्रकल्प पाण्याअभावी नुसता बंद ठेवता येतो. अणुभट्टीला बंद झाल्यावरही पाणी लागतं!

जुळे सोलापूरकर:
उजनीकाठी नकोच, ताई. भट्टी समुद्राकाठी, वीज राज्याला. जैतापूरला माझा पाठिंबा कायम आहे.

अक्कलकोट रोड:
म्हणजे वीज आपल्या यंत्रमागांना आणि घोर जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या कोळ्यांना?