पीक विमा भरायचा का? आणि भाव पडला तर कोण भरून देणार?

मांजराकाठ:
एक रुपयातला पीक विमा बंद झाल्यापासून आमच्याकडे एकच सूर आहे, "आता कशाला भरायचा?" २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं आपला हिस्सा राज्य सरकार भरत होतं. २०२५ च्या खरिपापासून पुन्हा मूळ दर आले: खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५.

माझं मत सांगतो. कोरडवाहू सोयाबीनवाल्याने विमा भरलाच पाहिजे. हेक्टरी ५८ हजार संरक्षित रक्कम (म्हणजे जास्तीत जास्त भरपाई) धरली तर हप्ता होतो १,१६० रुपये. बियाण्याच्या एका पिशवीला याहून जास्त मोजतो आपण. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतं.

पण आपण नक्की काय विकत घेतोय ते माहीत हवं. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची महसूल मंडळाची (काही गावांच्या गटाची) सरासरी काढतात. समजा ती हेक्टरी १५ क्विंटल आली. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे उंबरठा उत्पादन साडेदहा क्विंटल. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे मंडळातल्या काही शेतांत पीक कापून मोजल्यावर, यंदाची सरासरी ७ निघाली, तर उंबरठ्याच्या तुलनेत एक तृतीयांश घट, म्हणून ५८ हजारांचा एक तृतीयांश, १९ हजारांच्या वर भरपाई. सरासरी ११ निघाली तर एक रुपयाही नाही. थोडं कमी पिकलं तर ते आपणच सोसायचं, पूर्ण मोडलो तर विमा. एवढी अपेक्षा ठेवून भरला तर तो कामाचा आहे.

बनीम_भिजली:
तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे, शेतात नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात नदीकाठची शेतं मातीसकट खरडून गेली. त्याच मंडळात माळावरच्यांना बऱ्यापैकी पिकलं. सरासरी दोघांची एकच! माझ्या शून्याला त्या सरासरीत किंमत किती?

आधी निदान स्थानिक आपत्तीचा ट्रिगर, म्हणजे भरपाई सुरू होण्याचं वेगळं कारण, होता. ७२ तासांत पूर्वसूचना दिली की पंचनामा व्हायचा. काढणी करून रानात पसरलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला तर काढणीपश्चात नुकसान म्हणून दावा करता यायचा. हप्ता परत आमच्या अंगावर टाकला त्याच वर्षी हे ट्रिगर काढून टाकले, आता फक्त पीक कापणी प्रयोग. म्हणजे पैसे जास्त आणि संरक्षण कमी. सोयाबीनला खरा धोका ऑक्टोबरच्या पावसाचा. पीक कापून ठेवलेलं असतं, शेंगांतच कोंब फुटतात, दाणा काळा पडतो. कापणी प्रयोग त्याआधी उरकलेला असेल तर वहीत पीक चांगलं म्हणूनच नोंद होते. मी नाही भरणार.

अर्थशास्त्राचा_विद्यार्थी:
क्षेत्राची सरासरी धरायची ही कल्पना आपल्याकडे पुण्यातून आली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी सत्तरच्या दशकात ती मांडली आणि १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना त्याच पायावर उभी राहिली. कारण व्यवहारी होतं. लाखो लहान शेतांचे स्वतंत्र पंचनामे करायचे म्हटलं तर हप्त्याचा पैसा त्यातच संपेल. शिवाय सरासरी धरली की कुणी मुद्दाम पिकाकडे दुर्लक्ष करून भरपाई घेऊ शकत नाही.

पण त्यांना अभिप्रेत होतं ते एकसारख्या शेतीचं क्षेत्र. एका महसूल मंडळात नदीकाठची काळी जमीन आणि मुरमाड माळ एकत्र येतात, तिथे बनीम यांचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो.

आडतीवर:
तुम्ही दोघंही पिकण्यावर भांडताय. आमच्याकडे चांगलं पिकलेलं सोयाबीन घेऊन माणूस तोट्यात घरी जातो, त्याचं काय? २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८. समजा बाजारात ४,२०० मिळाले. वरच्याच १५ क्विंटलवर जवळजवळ १७ हजारांचा फटका. पिकाचा पाचवा हिस्सा बुडाल्याइतकं नुकसान ते, आणि विम्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही!

काही पिकांत माल कमी आला की भाव चढतो आणि थोडंफार भरून निघतं. सोयाबीनला तेही नाही. त्याचा भाव पेंडेची निर्यात आणि खाद्यतेलाची आयात ठरवते, ब्राझील-अर्जेंटिनात काय पिकलं ते ठरवतं. मराठवाडा बुडाला म्हणून भाव वाढेलच असं नाही. उतारा आणि भाव दोन्ही एकाच वर्षी मार खाऊ शकतात.

अमेरिकेत उत्पन्नाचाच विमा मिळतो, उत्पादन गुणिले भाव. आपल्याकडेही २००३-०४ च्या रब्बीत गहू आणि भातासाठी शेती उत्पन्न विमा प्रायोगिक सुरू केला होता. पुढच्याच वर्षी गुंडाळला. त्या दिशेने परत जायला हवं.

हिशेबनीस:
असहमत. गारपीट एका तालुक्यात होते, शेजारी होत नाही, म्हणून विमा चालतो. भाव देशभर एकाच दिवशी सगळ्यांचा पडतो. ती जोखीम कंपनी कुणावर वाटणार? हप्ता इतका चढेल की शेवटी सरकारच भरेल. शिवाय अमेरिकेत पेरणीच्या वेळचा भाव वायदेबाजारातून घेतात. आपल्याकडे बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदेच थांबवले. विम्याला आधार कुठल्या भावाचा?

भावासाठी हमीभावाची खरेदी आणि शेतमाल तारण हेच मार्ग. बाजार समितीच्या तारण योजनेत सोयाबीन ठेवलं तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी ६ टक्क्यांनी. काढणीच्या पडत्या भावात विकायची गरज राहत नाही.

आडतीवर:
हमीभाव केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. पावसात सापडलेल्या मालाचा १२ येतो का? नोंदणी, मग मेसेजची वाट, मग बारदाना नाही. तोवर खतवाल्याची उधारी दारात उभी असते. तारण योजना चांगली आहे, मी स्वतः लोकांना सुचवतो. पण पुढच्या सहा महिन्यांत भाव वाढेल याची हमी ती देत नाही. व्याज मात्र चालू राहतं.

बनीम_भिजली:
आणि कंपन्यांच्या नफ्याचं काय?

मांजराकाठ:
त्याला बीड पॅटर्नने वेसण घातली आहे. नुकसानभरपाई हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी झाली तर कंपनीने २० टक्क्यांपर्यंत ठेवून बाकीचं राज्याला परत करायचं, ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार राज्याचा.

भावाचा मुद्दा मान्य. विमा तिथे उपयोगाचा नाही, त्यासाठी खरेदी केंद्रच वेळेत उघडलं पाहिजे. पण म्हणून विमा भरूच नका, हे पटत नाही. सगळं मंडळ कोरडं गेलं त्या वर्षी हातात काय असेल? आणि आम्ही भरलाच नाही तर ट्रिगर परत आणा असं कुठल्या तोंडाने सांगणार?

बनीम_भिजली:
स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान, हे दोन परत आणा. हवं तर २ ऐवजी ३ टक्के घ्या, मी पहिल्या दिवशी सीएससी सेवा केंद्रावर जाऊन भरतो, भावकीतल्या सगळ्यांना भरायला लावतो. तोवर ते १,१६० रुपये मी ताडपत्रीला घालणार. निदान बनीम, कापलेल्या सोयाबीनचा ढीग, तरी झाकली जाईल.