अनुभव धागा : मशीन, वाकळ आणि खेळातली शेती

कोल्हापुरात पाऊस लागला की संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी नाही, गच्चीवर वाळवण नाही. हात मोकळे राहतात. या दिवसांत घरात बसून काय काय चालतं ते इथं लिहूया. शिवण, भरतकाम, गोधडी, फोनवरचे शांत खेळ, सगळं चालेल. अट एकच. ‘छंदाने मन रमतं’ हे सगळ्यांना माहीत आहे, ते नको. माप लिहा, सुईचा नंबर लिहा, कुठं बिघडतं आणि का बिघडतं ते लिहा.

शाहूपुरीतून

शिवणाच्या मशीनपासून सुरुवात करतो. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की लोक बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या चकरीला, शिव्या घालतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. दोरा ओवताना मशीनचा कापड दाबणारा पाय खाली असेल तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. मग तो ढिला सुटतो आणि खाली जाऊन साठतो. पाय वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. स्क्रू फिरवायची घाई नको.

स्क्रूला हात लावण्याआधी बॉबिन केस तपासा. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची. आपोआप सरसर खाली आली तर ढिली. हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबली तर बरोबर. झटक्यालाही हलली नाही तर घट्ट. केसवरचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. तो निसटून फरशीवर पडला तर शोधताना नाकी नऊ येतात.

सुई: पातळ मलमल-व्हॉइलला ११, साध्या सुती कापडाला १४, जीन्सला १६. टीप मध्येच सुटत असेल तर आधी सुई बदला. कापडात शिरताना टकटक आवाज आला तर ती बोथट झाली समजा. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, साध्या टोकाची धागा तोडते. दोरा कोणत्या बाजूने ओवायचा यावर घरोघरी वाद असतात. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, त्या अंगाने ओवायचा. मशीन कुठलंही असो.

राजारामपुरीतून

कापडाबद्दल थोडंच. इचलकरंजी इतकी जवळ आहे, सुती कापड घ्यायला लांब जायची गरज नाही. पण नवं सुती धुतल्यावर शेकडा ३ ते ५ आटतं. म्हणजे मीटरभर उंचीचा कुर्ता पहिल्याच धुण्यात चार-पाच सेंटीमीटर वर जाऊ शकतो. बेतण्याआधी कापड पाण्यात भिजवायचं, न पिळता वाळवायचं, ओलसर असतानाच इस्त्री मारायची. अस्तरही भिजवायचं. ते विसरलं तर वरचं कापड तसंच राहतं, अस्तर आटतं आणि ब्लाऊज आतून ओढल्यासारखा दिसतो. दुकानात पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारल्याशिवाय मीटर सांगू नका. ३६ इंची आणि ४४ इंची पन्ह्यात लांब बाहीचा हिशोब सगळा बदलतो.

मंगळवार पेठेतून

वाकळेबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं, मी लिहिते. पुण्याकडं गोधडी म्हणतात, आपल्याकडं वाकळ.

नऊवारीचं गणित सोपं पडतं. लांबी साधारण सव्वाआठ मीटर. चार सारखे तुकडे पाडले की एकेक दोन मीटरच्या थोडा वर. दोन-दोन तुकडे लांब बाजूने जोडले की एकाच लुगड्यातून वरचा आणि खालचा असे दोन्ही थर निघतात, दोघांच्या अंथरुणाएवढे. जोडताना काठ कापून बाजूला काढा. काठावर काठ चढला तर मधोमध दोरीसारखा उंचवटा येतो आणि रात्रभर पाठीला लागतो. काढलेले काठ शेवटी कडेला पट्टी म्हणून लावायचे, तिथंच ते शोभतात.

आतलं भरण जुन्या सुती कापडाचंच: धोतर, चादर, लुगड्याचे विरलेले भाग. सिंथेटिक साडी घालू नका. ती सुळसुळीत असते, दोन थरांमध्ये सरकते आणि घाम शोषत नाही. आत चार थर पुरेत. सहा-सात झाले की सुई आरपार जायला दर वेळी ओढाताण, बोटं सोलतात, आणि धुतलेली वाकळ पावसाळ्यात वाळायला आठवडा घेते. तिला कुबट वास सुटतो तो तिथूनच. लाल किंवा हिरवं इरकल वापरणार असाल तर आधी ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं दोन-तीनदा धुऊन मगच घ्या.

आता मांडणी, सगळी मेख इथंच आहे. फरशीवर खालचा थर पसरायचा, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. विटा असोत की वरवंटा. एकेक थर टाकताना मधून कडेकडे हात फिरवून चुण्या काढायच्या. सगळे थर बसले की कच्चे टाके घालायचे, तेही मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, वीतभर अंतरावर. कडेकडून सुरुवात केली तर फुगा मध्ये अडकतो आणि मग उसवल्याशिवाय निघत नाही. कच्चे टाके पक्के बसले की खरा धावदोरा मात्र कडेने सुरू करून गोल गोल आत न्यायचा. दोन ओळींत बोटभर अंतर. सुईवर एका दमात चार-पाच टाके घ्यायचे, मग दोरा ओढायचा. दोरा हातभर किंवा फार तर दीड हात. लांब घेतला की गुंततो, वर पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन विरतोही. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवायची.

ओळी सरळ याव्यात म्हणून खडूने आखणारे आहेत. आखा खुशाल. पण वाकळ थोडी वाकडी असली तरच हाताची वाटते, असं माझं मत.

कसबा बावड्यातून

वाकळेनंतर फोनवरची शेती म्हणजे जरा विनोदच. तरी लिहितो. खेळ स्टारड्यू व्हॅली, २०१६चा, एकाच माणसाने बनवलेला. ऊस त्यात नाही, पण पेरणीचं गणित अगदी खरं आहे.

प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. ऋतू बदलला की त्या ऋतूचं उभं पीक रात्रीत वाळतं. नवखे लोक इथंच बियाण्याचे पैसे घालवतात. हिशोब असा करा: २८मधून पिकाचे दिवस वजा करा, तो तुमचा पेरणीचा शेवटचा दिवस. पार्सनिप (गाजरासारखं कंदमूळ) ४ दिवसांचं, म्हणजे २४ तारखेपर्यंत. बटाटा ६ दिवसांचा, २२पर्यंत. फ्लॉवर १२ दिवसांचा, १६पर्यंत. एक दिवस पाणी चुकलं तर पीक एक दिवस पुढं जातं, म्हणून एखादा दिवस हातचा ठेवा.

स्ट्रॉबेरीचं बियाणं वसंतातल्या १३ तारखेच्या अंड्यांच्या जत्रेत मिळतं, एक १०० नाण्यांना. त्या रात्रीच अंधारात पेरायची घाई सगळे करतात. ती ८ दिवसांनी धरते, पुढं दर ४ दिवसांनी. १३ला पेरा नाहीतर १६ला, ऋतू संपेपर्यंत तोडे दोनच होतात. तेच बियाणं पेटीत ठेवून पुढच्या वसंतात १ तारखेला पेरलं तर पाच तोडे.

सुरुवातीला अंगातली शक्ती २७०. कुदळीचा एक घाव २, झारीनं एकदा पाणी २. शेताचे चाळीस चौकोन लावले तर रोज ८० नुसत्या पाण्यात जातात. तेवढे लावू नका. कोंबड्या आणण्याआधी सायलो, म्हणजे वैरणीचं कोठार, बांधा: १०० दगड, १० माती, ५ तांब्याच्या विटा आणि १०० नाणी. तो नसताना गवत कापलं तर वाळकी वैरण हाती लागत नाही, कापलेलं फुकट जातं. पाऊस पडला की तिथली जनावरंही गोठ्याबाहेर येत नाहीत, मग आतच वैरण लागते. हे आपल्याकडच्या माणसाला समजवायला नको.

फुलेवाडीतून

बावडेकर, एक भर घाला. कॉम्प्युटरवर हा खेळ रात्री झोपल्यावरच सेव्ह होतो. पावसात लाईट गेली की तो अख्खा दिवस गेला. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर नाही त्यांनी ढग भरून आले की खाणीत उतरू नये, सरळ झोपावं. फोनवर मध्येच बाहेर पडलं तरी चालतं.

नागाळा पार्कातून

खेळ आणि सुई एकत्र करणाऱ्यांसाठी. अॅनिमल क्रॉसिंग या खेळामध्ये आपलं नक्षीकाम काढायला ३२ बाय ३२ घरांची चौकट आणि १५ रंग मिळतात. म्हणजे क्रॉस स्टिचचा, फुलीच्या टाक्याचा, आयता नमुना. इंचाला १४ घरांच्या मॅटीवर (भरतकामाच्या चौकटीदार कापडावर) तो साधारण सव्वादोन इंच येतो, ११ घरांच्या मॅटीवर तीन इंचांना जरा कमी. चारी बाजूंना दोन-दोन इंच सोडा, नाहीतर फ्रेम करताना कापड पुरत नाही. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या. फुलीचा वरचा टाका सगळीकडं एकाच दिशेला पडला पाहिजे. मध्ये एखादी ओळ उलटी गेली तर रंग तोच असून प्रकाशात ठिगळासारखी दिसते. सुरुवात कापडाच्या मध्यापासून: कापड चार घड्या घालून मधलं घर शोधायचं आणि नमुन्याचं मधलं घर तिथं बसवायचं.

शिवाजी पेठेतून

शाहूपुरीवाल्यांनी सगळं सांगितलं, तेलाचं ऱ्हायलंच की. घरात हाताशी असतं म्हणून मशीनला खोबरेल घालू नका. २४ अंशांच्या खाली ते गोठतं, डिसेंबरात मशीन जाम. गोडेतेल तर चिकटून डिंकासारखं होतं. शिवणयंत्राचं पातळ तेल घ्या, प्रत्येक भोकात एकच थेंब. दोरा काढून दोन मिनिटं मोकळी चालवा, मग चिंधीवर चालवा, चिंधीला डाग लागायचा थांबला की खरं कापड घ्या. कापड सरकवणाऱ्या दातांभोवतीची पत्री उघडून बघा, तिथं कापडाचा भुगा नमद्यासारखा बसलेला असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो आन् गंज तिथनंच सुरू होतो. जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढायचा. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते.

मंगळवार पेठेतून, पुन्हा

वाकळेच्या कडेच्या पट्टीबद्दल कुणी विचारायच्या आधीच सांगते. काठ सरळ विणीचा, तो सरळ कडेला बसतो पण गोल कोपऱ्यावर चुण्या पडतात. कोपरे गोल हवे असतील तर तेवढ्यापुरती उरेब पट्टी कापा, दोन इंच रुंद, कापडाच्या कोनाकोनी. तुकडे जोडताना एकमेकांवर काटकोनात ठेवून तिरपी टीप मारा, म्हणजे जाडी एका जागी साठत नाही. मशीनला १६ नंबरची सुई, टाका लांब, आणि कोपऱ्यावर आल्यावर मोटर सोडून चाक हाताने फिरवा.