वॉरंटचा नियम सीमेवर चालत नाही

'अमेरिकेत उतरताना अधिकाऱ्यांनी फोन मागितला तर वॉरंट दाखवा म्हणायचं', असा सल्ला कोणी दिला तर तो विद्यार्थ्यांना अडचणीत आणेल. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या रायली निकालाने अटकेनंतर फोन तपासायला वॉरंट लागतं हे खरं, पण सीमेवरच्या (म्हणजे विमानतळावरच्याही) झडतीला तिथली न्यायालयं अपवाद मानत आली आहेत.

सीमा अधिकाऱ्यांच्या 2018च्या नियमांत दोन प्रकार आहेत. हाताने फोन चाळायला संशयाचीही गरज नाही. उपकरण जोडून माहिती कॉपी करायची तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं, वर वरिष्ठाची मंजुरीही. फोन विमान मोडवर टाकून फक्त आत साठलेलंच बघायचं असतं, क्लाउडवरचं नाही. हे लक्षात ठेवाच.

अमेरिकी नागरिकाने पासकोड नाकारला तर फोन ठेवून घेतील, प्रवेश रोखता येत नाही. व्हिसावर आलेल्याला मात्र परत पाठवू शकतात, आणि आपली बहुतेक मुलं व्हिसावरच जातात. हा फरक मला अत्यंत अन्यायकारक वाटतो. आईवडिलांशी झालेलं खासगी बोलणं एका शिक्क्यासाठी अनोळखी माणसापुढे का उघडायचं?

फोन ठेवून घेतलाच तर 6051डी ही पावती मागून घ्या.